तालमीत म्हटलेलं वाक्य

माझ्या मायरा मावशीबद्दल लोक नंतर वाट्टेल ते बोलले. दारू प्यायची म्हणाले. डोक्यावर परिणाम झाला म्हणाले. मी तिच्यासोबत होते. दारूला ती शिवत नव्हती, आणि डोकं माझ्यापेक्षा शाबूत होतं. जे घडलं ते माझ्या डोळ्यांदेखत घडलं, आणि तेही भर दुपारी. ज्यांना भुतं फक्त रात्रीच हवी असतात, त्यांनी खुशाल वाचू नये.

१९५६ चा नोव्हेंबर. यॉर्कशायरच्या किनाऱ्यावरचं एक जुनं नाट्यगृह.

मायरा थॉर्ली कोण, हे आता कुणाला सांगून कळायचं नाही. सतराव्या वर्षी ती फिरत्या नाटक कंपनीत शिरली. पुढे सिनेमात गेली आणि वीस वर्षं तिचा चेहरा लंडनच्या भिंतींवर होता. मग चाळिशी उलटली. नायिकेची आई झाली, आईची शेजारीण झाली, आणि फोन वाजायचा बंद झाला. तेव्हा हे नाटक आलं. आठवडाभर इथे, चाललं तर लंडन. पडलं तर मावशीचं सगळंच संपलं. हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. मी तिचे कपडे सांभाळायला तिच्याबरोबर फिरत असे.

आम्हा नाटकवाल्यांत नाटकाचं शेवटचं वाक्य तालमीत कधी म्हणत नाहीत. नट तिथपर्यंत येतो आणि गप्प होतो, नाहीतर काहीतरी बडबडून वेळ मारून नेतो. ते वाक्य पहिल्या प्रयोगाला, भरल्या थिएटरात. प्रेक्षकांशिवाय नाटक पुरं करायचं नसतं. का, ते कोणी विचारत नाही.

रंगीत तालमीच्या दुपारी मावशी अडून बसली. शेवटच्या शब्दाला सगळे दिवे मंद व्हायचे होते, फक्त तिच्या हातातला कंदील उरायचा होता, आणि दिवेवाल्याला वेळ काही साधेना. ती म्हणाली, मी एकदा वाक्य म्हणूनच टाकते, म्हणजे त्याला कळेल. बॅकस्टेज सांभाळणारे म्हातारे गॉसेज विंगेतून धावत आले.

"बाई, बाकी काय हवं ते करा. तेवढं एक वाक्य ठेवा."

"गॉसेज, शिट्टी वाजवू नका म्हणालात, ऐकलं. खरी फुलं आणू नका म्हणालात, ऐकलं. आता तोंडही उघडू नको?" मावशी हसली. "सिनेमात मी शेवट पहिल्याच दिवशी केलाय. कोणी मेलं नाही."

आणि तिनं ते म्हटलं.

"दिवा राहू दे, मी जागीच आहे."

दिवे अगदी वेळेवर मंद झाले. समोर सगळं थिएटर रिकामं.

आणि मग... टाळ्या.

एकाच माणसाच्या. सावकाश. हातमोजे घालून वाजवाव्यात तशा दबक्या.

वरच्या बाल्कनीतून.

झाडणारी बाई असेल, असं मला वाटलं. खरं तर रागच आला होता. मी तरातरा जिना चढले. दाराला कुलूप होतं. मागून गॉसेज किल्ल्या घेऊन आले. त्यांनी दार उघडलं आणि माझा दंड घट्ट धरला. धरला म्हणून मी वाचले.

कारण आत... जमीनच नव्हती.

दुरुस्तीसाठी फळ्या, बाकं, सगळं उचकटून नेलं होतं. नुसत्या तुळया होत्या आणि त्यांच्यामधून थेट खालच्या खुर्च्या दिसत होत्या. मी तिथूनच ओरडून सांगितलं, की वर कोणी नाही.

खाली रंगमंचावर मावशी कंदील धरून उभी होती. तिचा आवाज अगदी सहज आला.

"असं काय करतेस, एनिड? त्या बाई तुझ्या पुढ्यातच बसल्यात."

माझ्या पुढ्यात नुसती हवा होती.

गॉसेजनी दार ओढून घेतलं. पुन्हा कुलूप लावलं. जिना उतरताना ते एवढंच म्हणाले, की ज्याला ऐकायचं होतं त्यानं ऐकलं, आता ते वाक्य मावशीचं राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहिला प्रयोग. थिएटर भरलेलं. इतकं सुंदर काम मी तिचं कधी पाहिलं नव्हतं. शेवटी तिनं कंदील उचलला. ओठ हलले...

आवाज आला नाही.

लोकांना वाटलं, असंच बसवलंय. ते उठून उभे राहिले. वर्तमानपत्रांनी त्या शांततेचं केवढं कौतुक केलं. आम्ही लंडनला गेलो, आणि ती शांतता पाहायला लोक रांगा लावू लागले.

पहिल्या रात्री मेकअप उतरवताना मी तिला म्हटलं होतं, आता म्हणून बघ. तिनं आरशात पाहून तोंड उघडलं. बाकी ती छान बोलत होती, मला चिमटे काढत होती. फक्त ते वाक्य निघेना.

"घशात अडकत नाही गं," ती म्हणाली. "तिथे नाहीच आहे ते."

त्या यशावर तिला पुन्हा सिनेमा मिळाला. तिथे प्रत्येक प्रसंगातलं तिचं शेवटचं वाक्य गेलं. दिग्दर्शक चिडले. काम सुटलं. मग ते घरात आलं. ती फोनवर छान गप्पा मारायची, पण निरोपाचे शब्द निघायचे नाहीत. मैत्रिणी रागावल्या, शिष्ट झालीय म्हणाल्या, आणि एकेक करून तुटल्या.

शेवटी ती माझ्याकडे राहायला आली. आणि बोलायची थांबेना.

टोस्टवर लोणी लावताना, अंघोळीला जाताना, उशीवर डोकं टेकल्यावरसुद्धा बोलणं चालूच. थांबली की शेवटचं वाक्य जातं, म्हणून ती थांबतच नव्हती. घसा सोलून निघाला होता. मी गप्प बस म्हटलं की माझा हात धरायची. मला तिची फार दया यायची. आणि भीतीही.

दोन वर्षांनंतर, मार्चमधल्या एका सकाळी मी चहा घेऊन गेले, तर खोलीत... काहीच आवाज नव्हता.

ती उशीला टेकून बसली होती. डोळे उघडे. ओठ भराभर हलत होते. एक शब्दही ऐकू येत नव्हता. मी पलंगाशी बसले, तिचा हात हातात घेतला. मध्येच ओठांवर माझं नाव उमटलं. मग पुन्हा. मला काहीतरी सांगायची तिची धडपड चालली होती. मी म्हटलं, मावशी, मला कळत नाहीये, हळू सांग.

पण ती माझ्याकडे पाहत नव्हती. माझ्या डोक्यावरून पलीकडे, जरा उंचावर, रंगमंचावरून बाल्कनीकडे पाहावं तशी पाहत होती. मधूनच थांबायची, कोणीतरी काही विचारल्यासारखी मान हलवायची, आणि पुढे बोलू लागायची.

मी मागे वळून पाहिलं नाही. मला धीर झाला नाही.

चहा निवायच्या आत ती गेली.

तिचं शेवटचं बोलणं माझ्यासाठी होतं. ते कोणीतरी नीट, पूर्ण ऐकलं. मी नाही.