मटार सोलतानाचा व्हिडिओ

बसा जवळ. माझ्या ओळखीतल्या एका वायरमनचं सांगतो. पदरचं काही घालून बोलणारा माणूस नव्हे तो.

त्याची थोरली मुलगी, घरात तिला चिमी म्हणत, जन्मापासून बहिरी. ऐकू नाही, म्हणून बोलणंही नाही. ऐन एकोणिसाव्या वर्षी तापाचं निमित्त झालं नि गेली. वर्ष होत आलं, तेव्हा परगावी नोकरीला असलेला मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, ताईचे व्हिडिओ जोडून पाठवा ना. आणि मागे जरा संगीत टाका. नुसता पंख्याचा आवाज येतो त्यात."

"तिला जन्मात ऐकू आलं नाही," बायको म्हणाली. "आता संगीत कुणासाठी?"

"आपल्यासाठी गं."

ती आत जाऊन झोपली.

शनिवारची रात्र. दीड वाजून गेलेला. वायरमन कॉम्प्युटरसमोर एकटाच. शेवटचा व्हिडिओ उरला होता. स्वयंपाकघरातलं टेबल, मायलेकी समोरासमोर मटार सोलतायत, मध्येच हातवाऱ्यांनी गप्पा. चिमीची कॅमेऱ्याकडे पाठ. त्याने खाली बासरीची धून टाकली. चालू केली.

चिमीचे हात थांबले.

त्याला वाटलं, डोळ्यांवर झापड आलीय. धून काढून पाहिलं. ती सोलतेय, आपली मजेत. पुन्हा धून टाकली... हात थांबले. मान किंचित तिरपी. लांबून कुणी बोलतंय, ते ऐकावं तशी.

तिला बोलवायचं तर खांद्याला हात लावावा लागे. हाक त्याने कधी मारलीच नव्हती... उपयोग काय?

त्याने धून पुसली. माइक पुढे ओढला.

"चिमे..." तो माइकजवळ वाकला. "चिमे, बाळा... बाबा बोलतोय."

ते व्हिडिओखाली टाकलं. चालू केलं.

ती वळली.

थेट त्याच्याकडे बघत होती. हातातली शेंग खाली ठेवली. उठली. एक पाऊल... आणखी एक... पडदाभर तिच्या कुर्त्याचा निळा रंग...

मग पडद्यावर काळोख.

तो घरभर फिरला. दारं उघडली. दिवे लावले. "चिमे... चिमे..." कुणी नाही. बायको उठून आली. त्याच्या तोंडाकडे पाहिलं. दोघं उजाडेपर्यंत जमिनीवर बसून राहिली.

फोनमधल्या मूळ व्हिडिओला त्याने हातही लावला नव्हता. तो मी या डोळ्यांनी पाहिलाय. टेबल आहे, मटार आहेत, आई आहे. ती हातांनी काहीतरी सांगते... थांबते... उत्तर बघते... खळखळून हसते.

समोरची खुर्ची रिकामी आहे.