मागचं खोकं

"जेवायचं टेबल आहे की सुतारखाना? डिंकाच्या वासाने भातसुद्धा लाकडासारखा लागतोय."

"खा गुपचूप. पाचला करंट जाणार. त्याच्या आत मला हे जोडायचंय."

माझी नेरेइदा मावशी आणि तिचा नवरा, एरास्मोकाका. लग्नाला एकतीस वर्षं झाली. त्यातली तीस तरी याच सुरात गेली असतील.

पुढे जे सांगते ते घडलेलं आहे. मावशीच्या तोंडून ऐकलंय आणि ते खोकं मी स्वतःच्या हाताने चाचपून पाहिलंय. गाव कायबारिएन, आमच्या क्युबाचा उत्तर किनारा. मार्चमधला रविवार. रात्र नव्हती, दुपारचे चार वाजत होते. अशा गोष्टी रात्रीच घडतात असं ज्यांना वाटतं, त्यांचं बरं आहे. निदान दिवसा तरी त्यांना झोप लागत असेल.

मावशीचा एकुलता एक मुलगा योआंद्री. सात महिन्यांपूर्वी तो तीन मित्रांबरोबर, घरी बांधलेल्या होडीतून, उत्तरेकडे, समुद्रापलीकडच्या देशात कामासाठी निघून गेला.

फोन आला नाही.

गल्लीत सगळे म्हणायचे, "पोचला असेल. कामाला लागला असेल. नंबर मिळाला नसेल." मावशीही तेच म्हणायची. एरास्मोकाका काहीच म्हणायचे नाहीत.

आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की त्याच्या नावाने पाण्याचा ग्लास भरून ठेवतात. गेलेल्यांना तहान लागते म्हणे. मावशीच्या फळीवर तीन ग्लास होते. आईचा, वडिलांचा, थोरल्या भावाचा. त्याच संचातला चौथा कपाटात होता. सात महिन्यांत त्याला कुणी हात लावला नव्हता. पाहुणा आला तरी त्याला कपातून पाणी मिळायचं.

आता त्या खोक्याचं सांगते.

योआंद्रीला कॉम्प्युटरवर सिनेमे बघायचं वेड. "आवाज चारी बाजूंनी आला पाहिजे, मम्मी. सिनेमात पाऊस पडला तर आपली पाठ भिजली पाहिजे." जुन्या रशियन टीव्हींतले स्पीकर काढून त्याने पुढची दोन खोकी बनवली होती. मागचं तिसरं राहिलं. त्याची आकृती तेवढी वहीत होती.

काका रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांनी ते पुरं करायला घेतलं. "पोरगा आला की तयार मिळेल," एवढंच बोलले. दोन आठवडे करवत, डिंक आणि सोल्डरिंगचा धूर. लाकूड कुठून आणलं, हे मावशीने विचारलं नाही. आमच्याकडे टंचाई अशी, की खिळासुद्धा कुठून आला ते विचारायची पद्धत नाही.

चार वाजता तारा जोडून झाल्या. शेजारची मिग्दालिया कॉफीच्या वासावर आलीच होती. काकांनी कॉम्प्युटरवर ढोलाचं गाणं लावलं. पुढून ढोल आला, आणि पाठीमागून... टाळ्या.

"अगं बाई!" मिग्दालिया खुर्चीतच वळली. "नवरा पळून गेल्यापासून माझ्या पाठीशी पहिल्यांदाच कुणीतरी उभं राहिलं!"

काका हसले. कित्येक महिन्यांनी.

"पोराचं डोकं बघा," ते म्हणाले. "मागच्या खोक्याला वेगळं मशीन नाही. तारा अशा जोडल्यात की डाव्या-उजव्यात जे सारखं असेल ते मागे येतच नाही. दोघांत जो फरक असेल, तेवढाच येतो."

मावशी म्हणाली, "त्याचा निरोप लाव."

मिग्दालिया कपात बघू लागली.

तो निरोप निघायच्या दिवशी पहाटे किनाऱ्यावरून आलेला. चौदा सेकंदांचा. मावशी तो रोज फोनवर ऐकायची.

"लावतो. पण मागून काही येणार नाही हं, म्हातारे. फोनला एकच कान असतो. डावीकडे तेच, उजवीकडेही तेच. फरक शून्य. मागचं खोकं मुकं राहणार."

"राहू दे. पुढून तर येईल."

आला. अगदी समोर बसून बोलावं तसा.

"मम्मी, समुद्र ताटासारखा सपाट आहे. काळजी करू नको. पोचलो की फोन करतो. आणि पप्पांना सांग, मागच्या खोक्याला हात लावू नका. मी येऊन करीन."

चौदा सेकंद संपले.

आणि मागून...

चुळुक.

मावशीच्या मानेवर काटा आला. तिने वळून पाहिलं नाही.

चुळुक... चुळुक...

"गाणं सुरू राहिलंय का रे?" मावशीने विचारलं.

"सगळं बंद केलंय," काका म्हणाले.

"लाटा असतील," मिग्दालिया घाईने म्हणाली. "वारा फिरला की इथवर ऐकू येतात."

काका उठले. मागच्या खोक्याच्या दोन्ही तारा त्यांनी उपसून काढल्या. तारा त्यांच्या हातात होत्या.

आवाज खोक्यात होता.

तेवढ्यात करंट गेला. पाचला जाणार होता, पाऊण तास आधीच गेला. पंखा थांबला. कॉम्प्युटरचा पडदा काळा झाला. फ्रीज एकदा थरथरला आणि गप्प झाला.

त्या शांततेत सगळं स्वच्छ ऐकू येऊ लागलं.

पाणी.

लाकडाची कुरकुर.

टक्... टक्... टक्...

आतून. कुणीतरी फळीवर मूठ आपटावी तसं.

आणि मग श्वास.

योआंद्रीला लहानपणापासून दमा. श्वास सोडताना छातीत एक बारीक शिट्टी वाजायची. त्या शिट्टीला कान देत मावशीने किती रात्री बसून काढल्या होत्या. हजार माणसांत तिने ती ओळखली असती.

एक शिट्टी.

मग दुसरी.

मधलं अंतर वाढत गेलं. मावशी प्रत्येक वेळी आपला श्वास धरून ठेवायची. पुढची शिट्टी आली की सोडायची.

पुढची आली.

पुढची... उशिरा आली.

त्यानंतरची आलीच नाही.

नुसतं पाणी राहिलं. चुळुक... चुळुक... त्यात आता कुणी नव्हतं.

त्या तारा आजही भिंतीवर लोंबतायत, कशालाच न जोडलेल्या. करंट गेला की खोक्यातलं पाणी ऐकू येतं, असं मावशी म्हणते. मला कधी ऐकू आलं नाही. पण त्या कोपऱ्याकडे पाठ करून मी बसत नाही.

त्या दुपारी मावशी उठली आणि खोक्याजवळ गेली. जे लाकूड काकांनी सकाळीच घासून पॉलिश केलं होतं, ते फुगलं होतं. प्लायवूडचे पापुद्रे सुटून एकेक वर आले होते, भिजलेल्या वहीसारखे. खाली फरशीवर पाणी.

तिने बोट बुडवून जिभेला लावलं.

खारट.

"लाकूड कुठलं, एरास्मो?"

तारा अजून काकांच्या हातातच होत्या.

"एरास्मो. लाकूड कुठलं?"

"होडी बांधून उरलेलं."

"आपल्या होडीचं?"

"हो." मग फार हळू, "कपाटाचं प्लाय होतं ते, नेरे. पाण्याचं नव्हे. दुसरं मिळतच नव्हतं. तो थांबायला तयार नव्हता. मी वरून तीन हात रंग दिला... म्हटलं, दोन दिवस तरी टिकेल. दोन दिवसच तर हवे होते."

"तुला माहीत होतं."

"पहिल्या दिवसापासून."

मिग्दालियाने छातीवर क्रुसाची खूण केली. "असं काय बोलता रे! पोचलाय तो, कामाला लागला असेल, नंबर..."



मावशी स्वयंपाकघरात गेली. कपाटाचं दार वाजलं. मग माठातून पाणी ओतल्याचा आवाज आला, गोड्या पाण्याचा. ती चौथा ग्लास काठोकाठ भरून घेऊन आली. येताना एक थेंब सांडू दिला नाही.

ग्लास तिने त्या फुगलेल्या खोक्यावर ठेवला. बाहीनेच तोंड पुसलं.

"बस इथे माझ्याजवळ," ती नवऱ्याला म्हणाली. "आपलं पोर बुडालं, एरास्मो."