जुईपाड्याची बंद उघाडी

धप्प! चंदू बांधावरून थेट तिवरांच्या चिखलात पडला आणि ओरडला, “आई गं, लागलं!”

“चिखलात कसं लागेल रे? नाटकी!” रतन हसला.

मालू मात्र हसली नाही. तिने वाकून चिखल चाचपला. चंदू आणि रतन हे तिचे आतेभाऊ. दर मे महिन्यात ते डोंबिवलीहून तिच्या खाडीकाठच्या गावी, जुईपाड्याला यायचे. एरवी इथे गुडघाभर रुतायला व्हायचं. आज चिखलाला चक्क भेगा पडल्या होत्या! तिवरांची पानंही पिवळी होऊन झडत होती.

“खाडीला भरती आहे आत्ता. मग इथे पाणी का नाही?” मालू म्हणाली. “काहीतरी झोल आहे!”

तेवढ्यात बांधावरून बिल्डरचा मुकादम जगन खेकसला, “ए पोरांनो, निघा! झाडांना कीड लागलीय!”

चंदूने एक पान उलटंपालटं करून पाहिलं. “एक अळी दिसेल तर शपथ!” तो पुटपुटला.

मालूची सगुणाकाकी ओट्यावर जाळं दुरुस्त करत बसली होती. मुलांनी सगळं सांगितल्यावर तिचा हात थांबला.

“उद्या वनखात्याचे साहेब येनार हायेत. किडीनं मेली असा कागद झाला की तिवरं तोडनार, भराव घालनार, बिल्डिंगा उठनार. मागच्या उधानाला पानी आपल्या पायरीशी थांबलं, ते तिवरांनी अडवलं म्हनून. ती गेली तर पानी घरात. मग मी काय चुलीवर बसून पोहू?”

“मामी, पण आत पाणी येतं कुठून?” रतनने विचारलं.

“बांधाला उघाडी हाय. तिच्या फळ्या उचलल्या की भरतीचं पानी आत. पन आता तिथं त्या जगनच्या शेटनं पत्रे ठोकलेत.”

“मग तू बोलत का नाहीस?”

“आमचं कोन ऐकतो, बाळा!” काकी म्हणाली आणि पुन्हा जाळ्यात डोकं घातलं. मालूला फार वाईट वाटलं.

तिघं पत्र्यांशी पोचली. एका खिळ्याच्या भोकाला रतनने डोळा लावला. “ताडपत्री दिसतेय. बांधावर अंथरलीय!”

“भर मे महिन्यात बांधाला ताडपत्री कशाला?” चंदूचे डोळे बारीक झाले. “साहेबांना सांगून टाकू!”

“जगन म्हणेल तिकडे साप आहेत, की साहेब मागे फिरले! आधी तो खोटारडा आहे हे त्यांना कळलं पाहिजे,” मालू म्हणाली. मग तिघांची डोकी एकत्र आली आणि बराच वेळ खुसुरफुसुर चालली.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता वनखात्याचे रेगेसाहेब छत्री आणि वही घेऊन आले, बरोबर एक शिपाई होता. जगन सारखा त्यांच्या पुढे पुढे करत होता.

“पाणी रोज येतं साहेब. ही कीडच आहे!”

मालूने अगदी गरीब चेहरा केला. “जगनकाका, आज सकाळी पण आलेलं पाणी? मी झोपलेले.”

“आलेलं ना! दहा वाजता, घोट्याएवढं! मी स्वतः उभा होतो!”

“नक्की दहा?” चंदूने विचारलं.

“हे घड्याळ काय शोभेला बांधलंय?”

मालू साहेबांकडे वळली. “साहेब, आज संकष्टी, म्हणजे चौथ. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ कळते. चाराची पाऊणपट तीन. आमची खाडी आत वळलेली, म्हणून वर एक तास. भरती चारला. गावात सगळे असंच मोजतात. दहाला तर पुरती ओहोटी, होड्यासुद्धा चिखलात बसतात! मग यांच्या घोट्याशी पाणी आलं कुठून?”

जगनचा चेहरा खर्रकन उतरला. वर्षभर खाडीकाठी राहून या माणसाने फक्त घड्याळ पाहिलं होतं, खाडी कधी पाहिलीच नव्हती!

साहेबांनी छत्री मिटली. “ते पत्रे उघडा.”

“तिकडे साप आहेत साहेब...”

“असू देत. माझी निम्मी नोकरी सापांतच गेली!”

ताडपत्री ओढली आणि सगळेच पुढे वाकले. उघाडीच्या फळ्या घट्ट बसवलेल्या, वर वाळूची पोती रचलेली! मुलांच्या पाठोपाठ आलेल्या काकीने पदर खोचला. चौघांनी पोती ओढली, साहेबांनीही हात लावला. चारच्या सुमारास शेवटची फळी निघाली आणि खाडीचं पाणी घोंघावत आत शिरलं. जगनला पळायचं होतं, पण साहेबांचा शिपाई वाटेतच उभा होता.

“शास्त्रज्ञ सांगतायत, पृथ्वी तापतेय, समुद्र वर चढणार,” साहेब जगनला म्हणाले. “अशा वेळी हे जंगल जपायचं, की तहानेने मारायचं? तुमच्या शेटलाही आता उत्तर द्यावं लागेल!” मग ते मुलांकडे वळले. “शाब्बास! मी नुसती पानं बघून परत गेलो असतो. काही झाडं गेली, ती पुन्हा लावू. बाकीची मात्र जगतील.”

त्यांनी तिथेच अहवाल लिहिला : तिवरं तोडायला परवानगी नाही. खाली साक्षीदाराची सही हवी होती. मालू पुढे झाली.

“तू लहान आहेस गं,” साहेब हसले. “कोणी मोठं?”

काकी पुढे आली. ओले हात लुगड्याला पुसून तिने पेन धरलं आणि एकेक अक्षर सावकाश काढत आपलं पूर्ण नाव लिहिलं.

“आता माझ्या नावासकट वाचून दाखवा,” ती साहेबांना म्हणाली. “मोठ्यानं.”