बुडालेली फळी

त्या घरात आंघोळीला सगळ्यांचं पाणी एकच. आधी सासरे, मग नवरा, मग सासू तोरा, आणि सगळ्यांत शेवटी सुएनो, तान्ह्या चियोला घेऊन. अंग बाहेर धुऊनच, माणूस बसेल एवढ्या, खालून तापवलेल्या लोखंडी हंड्यात उतरायचं, हे खरं. पण सुनेची पाळी येईतो पाणी कोमट झालेलं असायचं, आणि तिच्यासाठी चुलीत लाकूड घालायला कोण येणार? चुलीचं तोंड मागच्या अंगणात; तिथे बर्फात उभं राहून जाळ घालणारी तीच.

चियोचा खोकला हटत नव्हता. पोरीला तरी आधी ऊन पाणी द्या, म्हणून सुएनोने विनवलं, तेव्हा तोरा म्हणाली होती, "तुझी जाऊ, ती मासे, शेवटच्याच पाण्यात न्हायची. तिने कधी तोंड उघडलं नाही."

मासे गेल्या हिवाळ्यात छाती भरून मेली होती. तोंड उघडायला ती उरलीच कुठे?

त्या दुपारी पुरुष रानात, तोरा शेजारी. सुएनोने चूल पेटवली आणि कोणाला न विचारता चियोला घेऊन पहिल्या पाण्यात उतरली. तरंगती फळी पायाने दाबत ती खाली बसली. फळी नसली तर तापलेला तळ पाय भाजून काढतो. पाणी अजून म्हणावं तसं तापलं नव्हतं.

बाहेर खिडकीखाली, चुलीपाशी, कोणीतरी हळूच विचारलं, "पाणी कसं आहे?"

सासू आली, टोमणा मारतेय, असं वाटून सुएनो भडकली. "गारच आहे. सुनेला शोभेलसं. घाला की लाकूड."

लाकूड पडलं. जाळ फडफडला. धुराचा वास आत आला, पाणी तापत गेलं, आणि चियोचा घशात घुरघुरणारा श्वास मोकळा झाला.

"आता?"

"आता बरंय."

"मला असं कधी मिळालं नाही..."

तो आवाज सासूचा नव्हता. सुएनोने पोरीला गुंडाळलं आणि ती बाहेर आली, तर तोरा पुढच्या दारात छत्रीवरचा बर्फ झटकत होती.

"पहिलं पाणी उष्टावलंस होय गं?"

सुएनोने मागचं दार उघडलं. चुलीभोवतीच्या बर्फावर तिच्या स्वतःच्या पावलांशिवाय दुसरं पाऊल नव्हतं. लाकडांची रास मात्र निम्मी झाली होती.

पाणी उष्टं झालंच आहे म्हणून तोरा धुसफुसत न्हायला न्हाणीत गेली. जरा वेळाने तोच आवाज आला. "पाणी कसं आहे, आई?"

"पुरे," तोरा म्हणाली. मग बारीक आवाजात, "पुरे गं... मासे, पुरे..."

जाळ फडफडतच राहिला. लाकडं ओढून काढणं सुएनोच्या हातात होतं. पण चियो खोकली, आणि ती जागची हलली नाही.

तोरा बाहेर आली ती लालबुंद होऊन. उद्यापासून पोरीला आधी न्हाऊ घाल, एवढंच बोलली. आणि रात्री पाणी ओतून टाकू नकोस, तिच्यासाठी राहू दे.

सकाळी सुएनोने चियोला कडेवर घेऊन हंड्याचं झाकण काढलं. चूल केव्हाच विझली होती, पण पाण्यातून वाफ निघत होती. फळी वर तरंगायला हवी होती. ती तळाशी होती, कोणी वर बसल्यासारखी दबून.

सुएनोने कुजबुजत विचारलं, "पाणी कसं आहे, जाऊबाई?"

चियो खुदकन हसली आणि त्या रिकाम्या पाण्याकडे झेपावली, कोणी घ्यायला हात पुढे केल्यासारखी.