चौथ्या सिलेंडरमधला श्वास

हे खरं घडलंय.

पटवून देण्याच्या भानगडीत मी पडणार नाही. पण ज्या ताईच्या बाबतीत हे घडलं ती माझी सख्खी मोठी बहीण आहे, आणि तिला आजवर स्वतःचं वयसुद्धा चोरता आलेलं नाही. ती भुतं कुठून रचणार?

आणि रात्र नव्हती. घुबड नाही, कुत्र्याचं रडणं नाही. भर दुपार होती. घरामागच्या गॅरेजमध्ये, पत्र्याच्या छताखाली, टेबलफॅन घरघरत असताना हे झालं. एक साक्षीदारही होता. तो त्या दिवसापासून त्या गल्लीत पाऊल टाकत नाही.

ताईचे यजमान, म्हणजे माझे दाजी, मोटार मेकॅनिक. सगळा गाव त्यांना उस्ताद म्हणतो. उभी हयात डिझेल इंजिनांच्या धडधडीत गेली आणि कान गेले. कानाशी तोंड नेऊन बोललं तरच कळतं. ताई म्हणायची, आमचा संसार टिकला तो यामुळेच.

मग इंजिनाचा आवाज कोण ऐकायचं?

ताई.

हातभर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाच्या हाडाला. डोळे मिटून ती सांगायची, हे बेअरिंग वाजतंय, तो व्हॉल्व्ह सैल आहे. शिकवलं कुणी नाही. पोरीच्या नुसत्या खोकण्यावरून रात्र कशी जाणार हे जिला कळतं, तिला इंजिन काय जड?

पोर म्हणजे गुंडी. एकुलती एक. शर्टाच्या गुंडीएवढी जन्मली, म्हणून गुंडी. जन्माची दमेकरी. तिचा श्वास दोन हिसक्यांत आत जायचा... मध्येच अडायचा... मग बारीक शिटी वाजवत बाहेर यायचा. तो अडलेला श्वास सुटायची वाट बघण्यात ताईच्या किती रात्री गेल्या, तिलाच ठाऊक.

एके दिवशी तो सुटेना.

तिघे गाडीत बसले. गाडी घरचीच, जुनी, छोटी, टर्बो डिझेल. इस्पितळ टेकडीपलीकडे. मधे तो लांबलचक चढ. चढाच्या निम्म्यावर टर्बोकडून इंजिनाला हवा पोचवणारा रबरी पाइप फाटला. हवा नाही तर जोर नाही. गाडी काळा धूर ओकत पहिल्या गिअरमध्ये रांगत राहिली. मागच्या सीटवर ताईच्या मांडीवर गुंडी.

पोचले ते.

पण उशिरा.

पाइप झिजलाय हे उस्तादांना माहीत होतं. पण गिऱ्हाइकांच्या गाड्या आधी. आपली काय, कधीही करू. मेकॅनिकच्या घरची गाडी ही गल्लीतली सगळ्यात खटारा असते. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

त्यानंतर उस्तादांनी गिऱ्हाइकं घेणं सोडलं. त्या गाडीचं इंजिन उतरवलं आणि खोलायला बसले.

नुसतं दुरुस्त नव्हतं करायचं. नवे पिस्टन, मोठा टर्बो, पुढे हवा थंड करणारा इंटरकूलर, जास्त डिझेल सोडणारे नोझल. हवेचे पाइप रबराचे नकोतच, सगळे लोखंडी. तो चढ तिसऱ्या गिअरमध्ये चढून दाखवायचा, एवढंच म्हणायचे.

कुणाला दाखवायचा, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

ताईचं एकच मागणं होतं. गाडी भंगारात जावी आणि नवरा घरात यावा. जेवण गॅरेजमध्ये, झोप गॅरेजमध्ये. माणूस काडीसारखा झाला. पोर गेली, आता हाही डोळ्यांदेखत चाललाय, असं ती मला फोनवर सांगायची. त्यांच्यापाशी विषय काढला की ते म्हणायचे, एवढं इंजिन होऊ दे. तिनंही मग ठरवलं, होऊ दे. एकदाचं सुरू होईल, तो मेला चढ चढेल आणि माझा माणूस मला परत मिळेल.

म्हणून ती मदतीला बसली.

इंजिनाचा ब्लॉक बोअर करून, म्हणजे सिलेंडर आतून कातून दिले लेथवाल्यानं. हा उस्तादांचा जुना दोस्त, तोंडाचा फाटका. नवे पिस्टन बघून म्हणाला, "वहिनी, नवऱ्याला सांगा, गाडीला पंख लावायचे तेवढे राहिलेत." ताई कितीतरी दिवसांनी हसली. तीच मला म्हणाली, हसले आणि मग लाज वाटली.

पहिली गोष्ट घडली ती हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, बसवल्यावर.

इंजिन अजून स्टँडवर होतं. उस्ताद पुढच्या पुलीला पाना लावून ते हातानं फिरवून बघत होते, कुठे अडतंय का म्हणून. हातानं फिरवलं की आतली हवा नोझल बसवायच्या रिकाम्या भोकांतून सूं सूं करत ये-जा करते. त्यात नवल काही नाही.

उस्तादांनी पाना काढला. हात पुसले. पाणी प्यायला आत गेले.

आणि ताईला ऐकू आलं...

सूं.

सूं.

मग काहीच नाही.

मग बारीक शिटी.

पुली हलत नव्हती. तिनं पंखा बंद करून पाहिला. दार लावून पाहिलं. मग चौथ्या सिलेंडरच्या भोकावर तळहात धरला.

तळहाताला ऊब लागली.

लोखंड उन्हात तापलं असेल, असं तिनं मनाला सांगितलं. गॅरेजच्या त्या कोपऱ्यात ऊन येत नाही, हे तिला नंतर आठवलं. उस्तादांना ती काही बोलली नाही. बोलणार तरी काय? अहो, तुमच्या इंजिनाला दमा झालाय?

इंजिन गाडीत बसलं. ऑइल भरलं, पाणी भरलं. सुरू करायचा दिवस ठरला. लेथवाला मुद्दाम आला.

इथे एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं समजणार नाही.

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. हवा मिळाली आणि जळायला काही मिळालं की ते चालतं. कधी टर्बोचं सील गळकं निघतं, आणि मग इंजिन स्वतःचंच ऑइल ओढून जाळायला लागतं. किल्ली काढा, डिझेल तोडा, ऐकत नाही. रेस वाढत चढत जातं, चढत जातं आणि फुटतं. जवळच्या माणसाला घेऊन फुटतं.

त्यावर इलाज एकच. त्याची हवा बंद करायची.

म्हणून नव्यानं बांधलेलं इंजिन पहिल्यांदा सुरू करताना उस्ताद एअर फिल्टर काढून ठेवत आणि हवा ओढणाऱ्या त्या उघड्या तोंडापाशी एक माणूस उभा करत. त्याच्या हातात रबर ठोकलेली लाकडी फळी. बिघडलं की तोंड दाबायचं. हे काम कायम ताईचं. एका हातात स्क्रूड्रायव्हर, काखेत फळी. आजवर फळीचं काम कधी पडलं नव्हतं.

उस्तादांनी किल्ली फिरवली.

दुसऱ्या झटक्याला इंजिन लागलं. इतकं गोड लागलं की लेथवाल्यानं टोपी काढली. उस्ताद स्टिअरिंगवर तळहात टेकवून बसले होते, त्यांना आवाज तसाच कळायचा.

ताईनं टोक टेकवलं. पहिला सिलेंडर, छान. दुसरा, छान. तिसरा, छान.

चौथा...

ठोक्यांच्या मागे, खूप आत, दोन हिसके.

मग अडलं.

मग शिटी.

ताई म्हणते, जगातल्या सगळ्या पोरींचे श्वास एकत्र केले असते तरी मी तो ओळखला असता. तिनं मूठ हाडावर आणखी दाबली. इतकी, की वळ पुढे आठवडाभर गेला नाही. श्वास अडायचा तशी ती थांबायची, सुटायचा तशी सुटायची. जुनी सवय. आणि तिला बरं वाटत होतं. ते तिनं मला सांगितलं तेव्हा खाली बघून सांगितलं.

मग इंजिन चढायला लागलं.

पाय रेसवर नव्हता. उस्तादांनी हात वर करून दाखवला, मी काही करत नाही. त्यांनी किल्ली बंद केली, काढून घेतली.

इंजिन चढतच होतं.

लेथवाल्यानं डिझेलचा पाइप उपसून काढला. पाइप कोरडा झाला.

इंजिन चढतच होतं.

ऑइल जळायला लागलं की पांढऱ्या-निळ्या धुराचे लोट उठतात, माणसाला माणूस दिसत नाही. लेथवाल्यानं मागे बघितलं...

धूर नव्हता. सायलेन्सरमधून नुसती हवा येत होती.

पत्रे थडथडायला लागले. लेथवाला ओरडत होता, वहिनी, फळी. फळी लावा. ताई हलली नाही. मुठीतून तिला फक्त श्वास ऐकू येत होता, आणि तो आता भरभर चालला होता. त्या दिवशी चढावर चालला होता तसा.

तोंड दाबायचं होतं. कुणाचं?

उस्तादांना ऐकू येत नव्हतं, पण पायाखालची जमीन कळत होती. ते उतरून पुढे आले. इंजिनावर वाकले. ताईला फळीचं भान नाही हे बघून त्यांनी स्वतःचा उघडा तळहात त्या तोंडाकडे नेला. असा हात आत खेचला जातो. आणि तोवर इंजिन फुटलं असतं तर त्यांची छाती त्यावर होती.

ताईनं नवऱ्याकडे बघितलं.

मग तिनं फळी लावली.

एरवी दोन-तीन धापांत इंजिन मरतं. हे मरेना. फळी आतून ओढली जात होती, सुटत होती, परत ओढली जात होती. ताईनं दोन्ही हात लावले, छातीचा भार टाकला. स्क्रूड्रायव्हर केव्हाच खाली पडला होता. तरी तिला ऐकू येत होतं...

दोन हिसके.

अडलं.

ती शिटीची वाट बघत राहिली.

शिटी वाजली नाही.

गॅरेजमध्ये टेबलफॅनची घरघर तेवढी उरली. उस्तादांनी तिच्या चेहऱ्याकडे बघून विचारलं, "बंद झालं का गं?"

ती हो म्हणाली.

इंजिन गार झाल्यावर लेथवाल्यानं टर्बो खोलला. सील शाबूत. पाइपात ऑइलचा थेंब नाही. खालचं ऑइल मापलं, भरलं होतं तितकंच. मग हे चाललं कशावर, असं तो स्वतःशीच दोनदा म्हणाला, पाने गोळा केले आणि गेला. दोस्ती तीस वर्षांची होती, पण तो फोनसुद्धा उचलत नाही.

इंजिन गेलं होतं. पिस्टन खरवडलेले, एक रॉड वाकलेला. उस्ताद ओट्यावर बसून होते. संध्याकाळी आपणहून घरात आले, ताटावर बसले आणि म्हणाले, "जाऊ दे. देऊन टाकू भंगारात. चुकलंच माझं."

जे ऐकण्यासाठी ताई एवढे महिने झुरली, ते हेच.

तिनं त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि सांगितलं, "नाही. परत बांधा."

त्यांना वाटलं, बायकोनं आपलं मन राखलं. ते लहान मुलासारखे रडले. खरं कारण तिनं त्यांना आजपर्यंत सांगितलेलं नाही. इंजिन बांधलेलं असतं, तेव्हाच तो श्वास ऐकू येतो.

त्यांनी परत बांधलं. ती परत फळी घेऊन उभी राहिली. परत तसंच झालं, आणि परत तिलाच दाबावं लागलं.

मी भेटायला गेले तेव्हा दोघं गॅरेजमध्ये गुडघ्याला गुडघा लावून बसली होती, तिसऱ्यांदा पिस्टनवर रिंगा चढवत. बघणाऱ्याला वाटावं, काय हा जोडा. ताई निम्मी झालीय. दाजींपेक्षा बारीक दिसते. मी तिला सोबत चल म्हणाले, डॉक्टरला दाखवू म्हणाले. ती म्हणाली, इंजिन होऊ दे.

काल तिचा फोन आला.

इंजिन गाडीत बसलंय. रविवारी दुपारी सुरू करायचं. तू ये, म्हणाली.

"या वेळी फळी तू धर. माझ्या हातून आता होत नाही गं. मी नुसती ऐकेन."



"पण मी सांगितल्याशिवाय दाबायची नाहीस," ती म्हणाली.

मी विचारलं, "ताई, तू सांगशील ना?"

तिनं फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. दोघी तशाच कितीतरी वेळ कानाला लावून बसलो होतो. मागे दाजी काहीतरी ठोकत होते.

रविवार परवावर आलाय. मी तिकीट काढलंय. गेले नाही, तर तिथे फळी धरायला कुणी नसेल.

गेले, तर ते तोंड दाबणारी मी असेन.