स्वरदाच्या नंबरची कॉलर ट्यून

जळगाव जामोदच्या कनिष्ठ महाविद्यालयात मी भौतिकशास्त्र शिकवतो. माझा आणि बायकोचा, स्वरदाचा, असे दोन्ही मोबाइल माझ्याच नावावर आहेत. बिल एकत्र येतं. जानेवारीच्या बिलात तिच्या नंबरापुढे जादा आकार लागला होता. कॉलर ट्यूनचा.

"मी काऊन लावू ट्यून?" मेथी निवडता निवडता ती म्हणाली. "मले तर लावता बी येत नाही."

मी माझ्या फोनवरून तिला रिंग दिली. साधीच वाजली. मग ग्राहक सेवेला फोन केला. पलीकडची मुलगी नम्रपणे म्हणाली, "सर, ट्यून चालू आहे. गाणं नाही, रेकॉर्ड केलेला आवाज आहे."

"कुणाचा?"

"ते आम्हाला दिसत नाही, सर."

मी ती बंद करायला लावली. फेब्रुवारीच्या बिलात ती पुन्हा होती.

तेव्हा मला एक गोष्ट खटकू लागली. स्वरदाला फोन करणारा प्रत्येक जण आधी एकच विचारायचा, "तू घरीच आहेस ना?" तिची आई, मैत्रीण समता, दूधवालासुद्धा. ती हसून म्हणायची, "हाव, घरीच हाय." हळूहळू फोन कमी झाले. तिचं हसणंही.

मार्चमध्ये तिचा धाकटा भाऊ अविनाश मलकापूरहून गाडी घेऊन आला. पाणीसुद्धा न पिता त्याने मला विचारलं, "भाऊजी, ताईच्या फोनवर तुमी हे काय लावून ठेवलं?"

"मी काही लावलेलं नाही."

त्याने आपला फोन स्पीकरवर टाकला आणि तिला रिंग दिली. टेबलावरचा तिचा मोबाइल थरथरू लागला. स्पीकरमधून माझा आवाज आला. वर्गात व्याख्या सांगताना असतो तसा, शांत.

"ती इथे नाही. तिला शोधू नका."

थोडं थांबून पुन्हा तेच. मी ओठ घट्ट मिटून उभा होतो.

"मी हे कधी बोललो नाही," मी म्हणालो.

स्वरदा फोनकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. मग आत जाऊन तिने पिशवी भरली. "चार दिवस आईकडं राह्यते," एवढंच बोलली. मी अडवलं नाही. तिला माझी भीती वाटत होती, आणि खरं सांगायचं तर मलाही.

मलकापूरच्या वाटेवर, नांदुऱ्याला, अविनाशने चहासाठी गाडी थांबवली. तो दोन कप घेऊन वळला तेव्हा मागचं दार उघडं होतं. पिशवी सीटवर होती. चपलाही होत्या.

भर दुपारी, भर रस्त्यावर, कुणीच तिला उतरताना पाहिलं नव्हतं.

पोलिसांनी ती ट्यून ऐकली. आवाज ताडून पाहायला तेच वाक्य त्यांनी माझ्याकडून म्हणवून घ्यायचं ठरवलं. "ती इथे नाही" एवढंच जमलं. पुढचं वाक्य तोंडातून निघेना. उद्या पुन्हा या, म्हणाले.

घरी येऊन दार लावलं. उद्या म्हणावंच लागणार होतं. बाहेरच्या खोलीत बसून मी प्रयत्न केला.

"ती इथे नाही."

पुन्हा तिथेच अडलो.

उरलेलं वाक्य स्वयंपाकघरातून आलं. हळू, समजावणीच्या सुरात.

आवाज स्वरदाचा होता.