पेडलवरचे वजन

माझे वय एकाहत्तर वर्षे चार महिने. वजनकाटे तयार करणाऱ्या एका कारखान्यात मी चौतीस वर्षे तपासनीस होतो. शिक्षण शाळेपुरतेच झाले. पुढचे जे काही आले ते ग्रंथालयातून आणले, वाचले आणि मुदतीत परत केले. हे एवढ्याचसाठी सांगतो, की पुढील मजकूर एखाद्या भोळसट माणसाने लिहिला आहे असा वाचणाऱ्याचा ग्रह होऊ नये. मी जे सांगणार आहे ते मी स्वतः मोजलेले आहे.

माझी नोकरी फिरतीची होती. गिरण्या, गोदामे, सिमेंटचे कारखाने, जिथे जिथे मालाने भरलेले ट्रक तोलले जातात तिथे जायचे, जमिनीत बसवलेल्या काट्यावर प्रमाणित वजने ठेवायची आणि काटा खरे बोलतो की नाही ते लिहून द्यायचे. महिन्यातले वीस-बावीस दिवस बाहेर जात. लॉजची खोली, खिडकीत वाळत घातलेला शर्ट आणि उशाशी मोटारदुरुस्तीचे एखादे जाडजूड पुस्तक. उरलेल्या आठ दिवसांत मी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जुन्या मोटारी पुन्हा उभ्या करीत असे. लोक अशा प्रत्येक गाडीला सरसकट ‘व्हिंटेज’ म्हणतात; त्या शब्दाचा काटेकोर अर्थ निराळा आहे, पण तो वाद इथे नको. पंचवीस वर्षांत दोन पूर्ण केल्या. तिसरीची ही हकीकत.

पत्नी मला ‘पाहुणे’ म्हणत असे. फाटकाची कडी वाजली की आतून मुलीला सांगायची, “पाहुणे आले गं, पाणी दे.” पहिली काही वर्षे ती थट्टा होती. पुढे थट्टा उरली नाही, शब्द तोच राहिला.

जुन्या मोटारीच्या कामात एक काम असे असते की त्याला दोन माणसे लागतात. ते म्हणजे ब्रेकच्या नळ्यांत शिरलेली हवा काढणे. एकाने सीटवर बसून पेडल दाबायचे आणि दाबून धरायचे. दुसऱ्याने गाडीखाली आडवे होऊन चाकामागचा बारीक स्क्रू उघडायचा. बुडबुड्यांसकट तेल बाहेर पडते. स्क्रू पुन्हा घट्ट केला की मगच वरच्याने पाय उचलायचा. घाई करून आधी उचलला तर हवा पुन्हा आत शिरते आणि तासाभराची मेहनत पाण्यात जाते. असे प्रत्येक चाकाला वीस-पंचवीस वेळा.

मी खालून म्हणे, “दाब.” वरून उत्तर येई, “दाबला.” “धर.” “धरलाय.” “सोड.” “सोडला.”

वर पत्नी असे. तिने एकदाही आधी सोडला नाही. उशिरा मात्र कित्येकदा सोडला, आणि मुद्दाम सोडला. मी गाडीखाली अडकलेलो असे, उठून जाऊ शकत नसे, आणि ही संधी तिने बरोबर हेरली होती. पेडलवर पाय ठेवून ती मला घरातल्या बातम्या सांगे. मुलगी सायकलवरून पडली, हनुवटीला तीन टाके पडले आणि ते निघालेही, हे मला असेच कळले. आणि काही विचारायचे असेल तर म्हणे, “आधी उत्तर द्या, मग सोडते.” प्रश्न बहुधा एकच असे. पुन्हा कधी निघताय आणि परत कधी येताय.

तेरा वर्षांपूर्वी, मी अठ्ठावन्न वर्षांचा असताना, एका सिमेंटच्या कारखान्यात माझे काम चालू होते. सायंकाळी पत्नीचा फोन आला. सकाळपासून डावा हात जड वाटतो आहे, छातीत भरल्यासारखे होते आहे, असे म्हणाली. डॉक्टरकडे जा, असे मी सांगितले. “जाईन. उद्या येताय ना?” मी म्हणालो, “उद्या दुपारपर्यंत.” तो काटा त्याच दिवशी तपासून झाला होता, मी खोटे बोललो नव्हतो.

रात्री एका भंगारवाल्याचा निरोप आला. तिसऱ्या गाडीच्या ब्रेकचा मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबले की नळ्यांत तेल ढकलणारा भाग, मी सहा वर्षे शोधत होतो; जुना गळका होता, काढलेली हवा पुन्हा पुन्हा आत शिरे. तसाच एक त्याच्याकडे आलेल्या गाडीला होता. त्याचे गाव घराच्या उलट दिशेला, तीन तासांवर. सकाळी मी तिकडे गेलो. घरी पोहोचलो तो तिसऱ्या दिवशी दुपारी. पत्नी आदल्या दुपारीच गेली होती. स्वयंपाकघरात, त्या सकाळी शेजारच्या नर्सबाईंना सापडली.

मी सर्वांना सांगितले की काटा जुळत नव्हता, काम लांबले. पत्नीचा भाऊ सगळ्यांच्या देखत म्हणाला, “भंगारात हात घालून बसला असेल कुठेतरी.” त्यावर माझी मुलगी उभी राहिली. ती दुसऱ्या शहरात शाळेत गणित शिकवते, आवाज चढवणे तिच्या स्वभावात नाही. ती म्हणाली, “मामा, बाबा घरी नसतो हे खरं आहे. पण बाबा खोटं बोलत नाही.” मामाने पुन्हा तेच म्हटले. तेव्हापासून तिने मामाशी बोलणे टाकले. ज्या मामाने तिला खांद्यावर घेऊन वाढवले, कारण मी दौऱ्यावर असे, त्याच मामाशी. आता तिला माझ्यावाचून कोणी उरले नव्हते आणि मलाही तिच्यावाचून.

आठ महिने गेले. मी दौरे करीत होतो. घरी राहवत नव्हते. मग मुलीने फोनवर एक मागणी केली. आई त्या गाडीत शेकडो तास बसली, पण ती गाडी तिच्यासाठी एक वीतही पुढे सरकली नाही. तेव्हा ती पूर्ण कर, मी रविवारी दुपारी बाराला येते, आपण दोघे तिच्यातून एक चक्कर मारू. मी होकार दिला. बाकी सर्व काम झालेले होते. सिलिंडर बसवला होता. फक्त हवा काढायची राहिली होती.

रविवारी सकाळी नऊला मी शेडचे दार लावून घेतले, धुळीमुळे. नाक्यावरचा मेकॅनिक गावी गेला होता. माणूस नसेल तर सीट आणि पेडल यांच्यामध्ये लाकडी दांडा ठोकून काम भागवता येते. तसा दांडा मी कापून ठेवला होता. तो गाडीच्या टपावर होता. हे मला पक्के आठवते, कारण पुढे मी तो तिथेच पाहिला.

गाडीखाली गेलो. मागचे डावे चाक. ऊन चढत होते आणि पत्रा टकटक वाजत होता. स्क्रूवर पाना चढवला आणि दांडा लावायला उठण्याआधीच, वीस वर्षांच्या सवयीने, माझ्या तोंडून शब्द गेला. “दाब.”

वर सीटच्या स्प्रिंगा करकरल्या. एकदा, आणि थोड्या वेळाने पुन्हा एकदा. माणूस बसून नीट सरकतो तशा. मग पेडलचा सांधा कुरकुरला, आणि माझ्या हातातल्या पान्याला नळीतला ताण जाणवला…

मी स्क्रू उघडला. तेल आले. बुडबुड्यांसकट, सरळ धार.

उत्तर आले नाही. तिचा आवाज मी ऐकला असे मी कधीही म्हणणार नाही. वास मात्र आला. उजव्या गुडघ्याला ती जे मलम लावीत असे, त्याचा. पेडल धरून धरूनच तो गुडघा धरला होता.

आता जे लिहितो त्याची मला लाज वाटते. मी घाबरलो. पण मी उठलो नाही. काम सुरेख चालले होते. मी म्हणालो, “सोड,” आणि पेडल वर आले. म्हणालो, “दाब,” आणि ते खाली गेले. चारही चाके मी तशीच पूर्ण केली. दीड-दोन तास. एकदाही तिला काही विचारले नाही, तू कशी आहेस असेही नाही. फक्त हुकूम सोडले.

शेवटच्या चाकाचा स्क्रू घट्ट केला आणि म्हणालो, “सोड.”

काही हलले नाही.

“सोड… झालं काम.”

मी बाहेर आलो. सीट रिकामी होती, दांडा टपावरच. पेडल खाली दबलेले होते आणि चारही चाके जखडलेली. हाताने ओढून पाहिले. पेडल किंचित उचलले जाई आणि पुन्हा खाली बसे. अडकलेली वस्तू अशी वागत नाही.

मी माझा ताणकाटा आणला, ओढ किलोत दाखवणारा स्प्रिंगचा काटा. त्याच्या खालचा हूक पेडलमध्ये अडकवला. हातात धरलेल्या काट्याचे वाचन भरवशाचे नसते, म्हणून त्याचे वरचे टोक स्टिअरिंगला तारेने ताणून बांधले आणि दोन पावले मागे झालो. सुई साडेतेरा किलोवर गेली. पण ती तिथे ठरली नाही. थोडी खाली आली, पुन्हा वर गेली, पुन्हा खाली. चौतीस वर्षांत मी हजारो काटे पाहिले. निर्जीव वजन ठेवले की सुई ठरते. जनावर किंवा माणूस उभे केले की ती ठरत नाही, कारण ते श्वास घेते. मी घड्याळ लावून मोजले. मिनिटाला चौदा, शांत बसलेल्या माणसाइतके.

फाटकाची कडी वाजली. मुलगी वेळेच्या आधीच आली होती. हातात चहाचा थर्मास, अंगावर नवे कपडे. शेजारच्या सीटवर बसली, दार ओढून घेतले आणि म्हणाली, “चल, काढ गाडी.” पेडल अडकले आहे असे मी सांगितले. तिने वाकून पाहिले. ताणकाटा पाहून हसली. “याचंही वजन केलंस? धन्य आहे तुझी. सोड म्हणालास का?”

“म्हणालो.”

“मग आई काहीतरी विचारत असणार.” ती हसतच होती, पण डोळे भरून आले होते. “सांगून टाक ना बाबा, आणि मोकळा हो.”

मी सुईकडे पाहिले. ती स्थिर झाली होती. वर नाही, खाली नाही. ऐकताना माणूस श्वास रोखून धरतो तशी…

मी मोटारीच्या दाराशी उभा राहून सांगितले. काटा त्या दिवशी जुळलेला होता. मी दुपारपर्यंत येतो असे तिला म्हणालो होतो. मी भंगारवाल्याकडे गेलो. मामा म्हणाला ते खरे होते, शब्दशः खरे होते.

सांगत असताना पेडल वर येऊ लागले. अगदी सावकाश. मुलीने ते पाहिले नाही, ती माझ्याकडे पाहत होती. अर्ध्यावर येऊन ते थांबले. सुई पावणेसातला टेकली आणि पुन्हा हलू लागली.

मुलीने थर्मासचे झाकण घट्ट फिरवले. मग तिने विचारले, “कुठला पार्ट होता?”

मी तिच्या पायांपलीकडे, गाडीच्या तळाच्या फळीखाली बसवलेला सिलिंडर दाखवला. तिने पाय आखडून घेतले.

“आठ महिने मी मामाचा फोन उचलला नाही,” ती म्हणाली. मग उतरली, थर्मास बॉनेटवर ठेवला. “चहा आहे यात. तुम्ही घ्या.”

जन्मात प्रथमच तिने मला ‘तुम्ही’ म्हटले. फाटकाची कडी तिने आवाज न करता लावली.

मला तिला आणखी एक गोष्ट सांगायची होती. तिचा चेहरा पाहून मी ती सांगितली नाही, आणि पेडल अर्ध्यावर का थांबले ते मला त्याच क्षणी कळले होते. भंगारवाल्याच्या आवारात मी स्वतः तो सिलिंडर सोडवत होतो. शेवटचे दोन बोल्ट उरले होते. खिशात फोन वाजला. मी तो दोन बोटांनी बाहेर काढला, पत्नीचा होता. हात तेलाने माखले होते. हे दोन बोल्ट काढतो आणि मग करतो, असे मनाशी म्हणून मी तो परत खिशात टाकला. तो पुन्हा वाजला. मग वाजायचा थांबला. बोल्ट निघाल्यावर मी फोन केला नाही, कारण आता निघतोच आहे तर घरीच बोलू, असे मला वाटले. पण उशीर झाला, घराकडची शेवटची बस चुकली, आणि मी तिथेच एका लॉजमध्ये मुक्काम केला. त्या रात्री मला छान झोप लागली होती. सिलिंडर उशाशी होता.

त्या रविवारनंतर मी एकही दौरा केला नाही. मुदतीआधी निवृत्ती घेतली. दुसरी गाडी हाती घेतली नाही. मुलगी वर्षातून दोनदा येते, ओसरीवर दहा मिनिटे बसते, माझी औषधे तपासते आणि अहो-जाहो करून निघते. मामाकडे ती आता जाते असे कानावर आले. मेकॅनिकला बोलावून मी ब्रेकचे सर्व सामान उतरवून घेतले. सिलिंडर, नळ्या, तेल, पेडलची स्प्रिंगसुद्धा. पेडल आता कशालाही जोडलेले नाही. ते अर्ध्यावरच आहे. मेकॅनिक म्हणाला, “काका, पिनीला गंज धरलाय.” त्या पिनीला मी दर महिन्याला स्वतः ग्रीस लावतो.

मुलीला मी ती दुसरी गोष्ट अजून सांगितलेली नाही. हा कागद तिच्यापर्यंत पोहोचवायचा की नाही तेही ठरलेले नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी मी शेडमध्ये जाऊन ताणकाटा लावतो. भार पावणेसात किलो, इतक्या वर्षांत जराही बदललेला नाही. श्वास मात्र पहिली बारा वर्षे मिनिटाला चौदा होते, या वर्षाच्या आरंभी वीस झाले, धरून धरून दमलेल्या माणसासारखे वाढत गेले, आणि काल मी मोजले तेव्हा एकतीस भरले.